ब्रिन एथिनची कानखूण

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात निवडणूक होत नसे. कौन्सिलात कोण बसणार हे चॅपेलच्या पायरीवर ठरायचं, आणि ठरायचं म्हणजे कुणी काही बोलायचं नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एकच अर्ज यायचा, ब्रिन एथिनचा. झालं, बिनविरोध. लोक म्हणायचे, "बरं झालं, भिजत मत द्यायला जायचं झेंगट वाचलं."

ब्रिन एथिन म्हणजे डोंगराच्या कुशीत तिरपं पडलेलं, लव्हाळ्यानं माजलेलं चव्वेचाळीस एकरांचं मेंढरांचं शेत. तेही त्या घरच्यांचं नव्हे, कौन्सिलचं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सोल्जरांना कौन्सिलनं जमिनी खंडानं दिल्या, त्यातली एक सध्या तिथं राहणाऱ्या मेनिरच्या ताइदला, म्हणजे आजोबांना मिळाली. ताइद जुन्या काउंटी कौन्सिलात बसायचे. चौऱ्याहत्तर साली लंडनवाल्यांनी तीन काउंट्या मोडून एक दांडगी काउंटी केली आणि आमच्या वाट्याला तिच्या खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलातली एक खुर्ची आली, कचरा आणि गटारं बघणारी. तिच्यावर मेनिरचा बाप इथेल बसला. शहाण्णवला वरची मोडली, खालचीही मोडली, दोघींच्या हाडांची मिळून आताची कौन्सिल झाली. इथेल तसाच उठून नव्या खुर्चीत बसला. म्हणायचा, "दोन कौन्सिलींच्या मयताला गेलोय मी. दोन्हीकडं हॅमचं सँडविच तेच होतं."

जानेवारीत इथेल गेला. मेंढवाड्याच्या गेटला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. त्याच्यामागं तीन आठवड्यांत त्याच्या बायकोला, तेगवेनला, झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आणि मग कौन्सिलचं पत्र आलं.

कौन्सिलच्या जमिनीला वारस लागत नाही. इथेलबरोबर त्याचा खंड संपला होता. मेनिर आणि तिचा नवरा बेर्विन यांनी सप्टेंबरअखेरपर्यंत राहावं. उरलेली अकरा शेतं पुन्हा खंडानं द्यायची की विकून टाकायची, ते जूनच्या बैठकीत ठरेल.

कौन्सिलात एकतीस खुर्च्या. पंधरा अपक्ष, नऊ वेल्श पक्षाचे, चार लेबर, दोन लिबरल, एक टोरी. अपक्षांचाही पक्षच होता म्हणा. त्यांचा पुढारी होता, चहाची किटली वेगळी होती. पण शेतांवरून सगळेच मधोमध फाटले. पंधरा विका म्हणणारे, पंधरा राखा म्हणणारे. एकतिसावी खुर्ची इथेलची, रिकामी. बरोबरी झाली तर अध्यक्षांचं जादा मत, आणि अध्यक्ष विका म्हणणारे.

"मग तूच उभी राहा," बेर्विन म्हणाला. "नाहीतरी बिनविरोध."

मेनिरनं अर्ज भरला. बावन्न वर्षांची बाई, हात कोपरापर्यंत कायम सोललेले, बोलणं कमी. अर्जाबरोबर नियमांचं एक जाडजूड पुस्तक आलं. मेंढवाड्यातला गरम दिव्याचा स्टँड एका पायानं लंगडा होता. त्याच्याखाली ते बरोबर बसलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दुसरा अर्ज आला. नान्तच्या इद्वलचा.

*

नान्त हे शेत आता इद्वलचं नव्हतं, पण आमच्याकडं माणसाला शेताचं नाव एकदा चिकटलं की ते मेल्यावरही सुटत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी कौन्सिलनं नान्त विकलं, एका मतानं. त्या मताच्या वेळी इथेल जागेवर नव्हता. तो त्या दिवशी कौन्सिलात गेला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं इद्वलच्या बापाला शब्द दिला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मत मात्र पडलं नाही. इद्वलचा बाप गावातल्या दोन खोल्यांत खिडकीशी बसून बसून मेला. इथेलनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. इद्वल दुधाचा टँकर चालवू लागला आणि ब्रिन एथिनच्या गेटावरून जाताना एकोणीस वर्षं त्यानं मान वळवली नाही.

एप्रिल म्हणजे ऐन विणीचे दिवस. पाऊस आडवा, मधेच गारा. सकाळी सहाला मेनिर मेंढवाड्यात गुडघ्यांवर बसलेली. एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं; दुसरीला तिळं झालेली, तिसऱ्याला आचळ नाही. बेर्विननं मेलेल्या कोकराचं कातडं सोलून काढलं, चार पायांना चार भोकं ठेवून, आणि मेनिरनं ते गरम, ओलं कातडं तिसऱ्या कोकराला सदऱ्यासारखं चढवलं. मेंढीनं हुंगलं. पाय आपटला. परत हुंगलं.

गेटाशी टँकर थांबला. इद्वल खाली उतरला, टोपी डोळ्यांवर. "म्हातारी कशी आहे?"

एकोणीस वर्षांतलं पहिलं वाक्य. मेनिर म्हणाली, "आहे तशीच."

इद्वलनं कोकराकडं पाहिलं. "बरोबर आहे. मेलेल्याचं कातडं पांघरून आत घुसायचं, तुमच्या घरची रीतच."

"इद्वल, तोंड सांभाळ," बेर्विन म्हणाला.

"सांभाळलंच होतं की इतकी वर्षं. भेटू का म्हातारीला? लहानपणी तिच्या हातचं खाल्लंय मी."

नाही कसं म्हणायचं? तो बूट दारात काढून आत गेला. मेंढीनं शेवटी ते परकं पोर घेतलं, तेव्हा मेनिर हात धुऊन घरात आली आणि दारातच थबकली. माम, तिची आई, उशीला टेकून बसली होती. तिनं आपल्या डाव्या हातानं इद्वलचं मनगट धरून त्याचा हात वर उचलला होता, वर, डोक्याच्याही वर. तिचा दंड थरथरत होता. डोळे त्याच्यावर रोखलेले.

"पाणी हवंय वाटतं तिला," इद्वल ओशाळून म्हणाला.

"माम, सोड त्याला. जाऊ दे."

मामनं मेनिरकडं पाहिलं, ते पाहणं मेनिरला बरेच दिवस पुरलं. मग तिनं हात सोडला. तो गेल्यावर मेनिरनं पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. मामनं तोंड मिटून घेतलं.

*

मेनिर दारोदार फिरली, पण दोन विणींच्या मधल्या वेळात, अंगाला वारेचा वास घेऊन. मत मागायची कुणाला सवय नव्हती, द्यायचीही नव्हती.

"कौन्सिलसाठी मत?" चॅपेलशेजारची शहाऐंशी वर्षांची ग्वेनलियन म्हणाली. "अगं, ते देतात कसं? माझ्या जन्मात दिलं नाही. तुझा बाप इथं बसून तीन कप चहा प्यायचा, तेच मतदान."

"फुली मारायची, आजी. माझ्या नावापुढं."

"इद्वलही तसंच सांगून गेला. त्याच्या नावापुढं म्हणाला. गुणी पोरगा. केक खा."

बेदाण्यांचा केक लोणी लावून खाणं भाग होतं. पाच घरी पाच तुकडे. आणि पाचव्या घरी, पूल ओलांडून, नान्तवरच्या जुन्या गड्यानं उंबऱ्यात उभं राहूनच विचारलं, "मत देतो. एवढं सांग. नान्तच्या दिवशी इथेल कुठं होता?"

मेनिरला माहीत नव्हतं. तिथून घरापर्यंतचा मैलभर रस्ता तिला बापाचे बूट मागं वाजत असल्यासारखे वाटले. वळून पाहिलं तर मॉट कुत्रा. गुरुवार होता. कौन्सिलची बैठक गुरुवारी, आणि गुरुवारी मॉट इथेलच्या गाडीची वाट बघत वळणावर बसायचा. कुत्र्याला वार कसा कळतो देव जाणे. इथेल गेल्यापासून एकही गुरुवार त्यानं चुकवला नव्हता.

घरी आल्या आल्या तिनं मामला बापाबद्दल विचारलं. "माम, ताद कुठं होते गं? नान्त विकलं तेव्हा?"

मामच्या उशाशी शाळेची घंटा ठेवली होती. शाळा बंद झाली तेव्हा इथेलनं घरी आणलेली, लाकडी मुठीची. तिनं ती जोरात वाजवली. मग डावा हात दाराकडं केला. दार, दाराबाहेरचा बोळ. पुन्हा दार.

"वारा येतोय होय?" मेनिरनं उठून दार लावलं.

माम रडली. झटका आल्यावर माणसं उगाच रडतात, नर्सनं सांगितलंच होतं.

टपालानं मामची मतपत्रिका आली, त्या दिवशी नर्सच म्हणाली, "मी धरते कागद. तुम्ही बाहेर थांबा, तुमचंच नाव आहे त्यावर." मेनिर बाहेर थांबली. टपाली मताला सही लागते, तिची माफी आधीच मिळवली होती. आतून पेनाचा कुरकुर आवाज बराच वेळ आला. एका फुलीला लागतो त्याहून जास्त. मग पाकिट चिकटवून नर्स बाहेर आली. "झालं हं. मनापासून दिलंय म्हातारीनं."

मेनिरला हसू आलं. एक मत तरी पक्कं.

चार दिवसांनी, सकाळच्या दुधाच्या वेळी, माम गेली. मतदानाच्या दोन दिवस आधी तिला इथेलशेजारी पुरलं. पाऊस होता म्हणून चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा दिला, शेजारीण म्हणून मीच ओतला. हॅमचं सँडविच तेच होतं. इद्वल आला, पेटी उचलायला खांदा दिला, आणि कप न घेता गेला. त्यानंतर दोनदा मेनिर मला म्हणाली, "घंटा वाजते गं. मी मेंढवाड्यात असले की वाजते." घंटा तिनं कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी म्हटलं, वारा असेल. वाऱ्याला आम्ही या खोऱ्यात फार कामाला लावतो.

*

मोजणी शुक्रवारी सकाळी, कौन्सिलच्या दालनात. मेनिरनं चॅपेलला जायचा कोट घातला होता. बाहीवर एक लोकरीचा धागा राहिलाच. भिंतीवर मेलेल्या कौन्सिलींच्या अध्यक्षांचे फोटो, रांगेनं. तीन काउंट्या, एक दांडगी, एक डिस्ट्रिक्ट. सगळे गळ्यातल्या मानाच्या साखळीसकट तिच्याकडं बघणारे. तिला आत बसवेना. ती बोळात आली. तिथं एक लांब लाकडी बाक होता, ती त्यावर बसली.

कौन्सिलची जुनी शिपाईण ग्वेंडा चहाची गाडी ढकलत आली आणि थांबली. "तिथंच बसलीस होय? बापाच्या जागेवर?"

"कसली जागा?"

"शेतांचा विषय निघाला की इथेल इथं बसायचा. ज्याच्याकडं कौन्सिलची जमीन आहे त्यानं त्या विषयाला खोलीत थांबायचं नाही, असा नियम. मत तर सोडच, थांबायचंसुद्धा नाही. तुला ठाऊक असेलच, पुस्तकात आहे."

पुस्तक दिव्याच्या पायाखाली होतं.

"जुन्या डिस्ट्रिक्टात शेतांचा विषयच यायचा नाही बघ, शेतं वरच्या काउंटीची. नव्यात आला. नान्तच्या दिवशी मत द्यायला म्हणून आला बिचारा, चांगला कोट घालून, आणि दारात साहेबांनी नियम सांगितला. दोन तास बसला होता इथं. आकडा मीच बाहेर येऊन सांगितला. म्हणाला, ग्वेंडा, मी शब्द देऊन बसलो. आता कोणत्या तोंडानं सांगू, की मला दाराबाहेर काढलं?" तिनं बाकाच्या लाकडी हाताकडं बोट केलं. "सरकारी बाक खराब केला. खिशातला चाकू काढून बसला होता कोरत. मी काही बोलले नाही."

मेनिरनं वाकून बघितलं. हाताच्या आतल्या अंगाला, बोट फिरवलं तरच कळावं असं, एक लांबट फाट कोरलेली होती आणि तिच्या खालच्या अंगाला एक खाच. डाव्या कानाचं टोक चिरलेलं, खालून एक खाच. ब्रिन एथिनची कानखूण. डोंगरावर सगळ्यांची मेंढरं एकत्र चरतात, कुणाची कुठली ते कानावरून ओळखायचं. ताइदच्या आधीपासून प्रत्येक कोकराच्या कानावर ती खूण. तेगवेन सून होऊन आली ती चाकूला चांगली, म्हणून साठ वर्षं ती तिच्याच हातची.

दार. दाराबाहेरचा बोळ.

"उमेदवारांनी आत यावं," कुणी तरी हाक मारली.

*

निवडणूक अधिकारी दक्षिणेकडून आलेली तरुण मुलगी होती, नखं कापलेली, आवाज नीट. तिनं एका टेबलाशी दोघांना आणि त्यांच्या माणसांना बोलावलं. "दोनशे चाळीस, दोनशे चाळीस. आणि ही एक मतपत्रिका बाजूला काढलीय, तिचा निर्णय तुमच्यासमोर करते."

कागद टेबलावर ठेवला. दोन नावं, दोन चौकोन. इद्वलच्या नावापुढच्या चौकोनात फुली नव्हती. वाकड्यातिकड्या रेषेनं, दोनदा गिरवलेली एक लांबट फाट होती, आणि तिच्या खाली एक खाच.

उजवा हात गेलेल्या बाईच्या डाव्या हाताला फुली आली नव्हती. साठ वर्षं जे कापलं तेच आलं होतं. आणि आलं होतं ते इद्वलच्या चौकोनात.

"मत कुणाला ते दिसतंय," अधिकारी म्हणाली. "पण खुणेवरून मतदार ओळखता येत असेल, तर कायद्यानं मत बाद. मग बरोबरी, मग टोपीत चिठ्ठ्या टाकून एक काढायची. ही खूण कुणी ओळखतं का?"

त्या टेबलाभोवती सहा माणसं होती आणि सहाही खोऱ्यातली. चाळीस वर्षं डोंगरावर कान बघत जगलेली. पाठीमागून इद्वलचा मेहुणा खोकला. बेर्विननं तोंड उघडलं. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. रागानं की लाजेनं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सासूनं मरताना पोटच्या पोरीच्या विरोधात मत दिलं होतं, आणि एक शब्द बोलला की ते पुसलं जाणार होतं. निम्मी संधी परत मिळणार होती.

मेनिरनं टाच त्याच्या बुटावर ठेवली आणि दाबली.

तिच्या डोळ्यांसमोर मामचा दंड होता, थरथरणारा, दुसऱ्याचा हात वर उचलून धरलेला. पाणी नको होतं तिला. वाराही लागत नव्हता.

इद्वल कागदाकडं बघत होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली, मामच्या कबरीशी धरली होती तशी.

"मला वाटतं, ही खूण," त्यानं सुरुवात केली. "मला बोललं पाहिजे..."

"थंडी वाजेल. टोपी घाल, इद्वल," मेनिर म्हणाली. मग अधिकाऱ्याकडं वळून, "म्हाताऱ्या माणसांचा हात थरथरतो, बाई. मोजा ते."

"कुणाची हरकत?"

कुणी हललं नाही. भिंतीवरचे अध्यक्षही नाहीत.

दोनशे एकेचाळीस, दोनशे चाळीस. ब्रिन एथिनची खुर्ची पहिल्यांदा ब्रिन एथिनबाहेर गेली.

परतताना वळणावर बेर्विननं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "त्याच्या बापाचं शेत तुझ्या बापामुळं गेलं असं तो समजतो. त्याच्या हातात दिलंस तू आपलं घर."

"माझ्या हातात असतं तर मला बाकावर बसवलं असतं."

"आणि त्यानं विका म्हटलं तर?"

"तर मामचं चुकलं," मेनिर म्हणाली. "आजवर तिनं कापलेला कान चुकला नाही."

पण मला ठाऊक आहे, त्या दिवसापासून जूनपर्यंत ती धड जेवली नाही. मेंढरांकडं बघताना मनातल्या मनात मोजायची आणि आकडा विसरायची. इद्वलचा टँकर रोज गेटावरून जायचा. मान वळत नव्हतीच.

*

जूनची बैठक गुरुवारी. मॉट वळणावर बसला होता, त्याला गाडीत घेतलं. कौन्सिलची जमीन असलेल्या सदस्याला थांबता येत नाही पण लोकांना येतं. वरच्या गॅलरीत मेनिर, बेर्विन आणि मी. कुत्र्याला ग्वेंडानं बोळात बाकाखाली बसू दिलं.

तीन तास बोलणं चाललं. पंधरा इकडं बोलले, पंधरा तिकडं. इद्वल बोलला नाही. इथेलच्या खुर्चीत तो अवघडून बसला होता, दुसऱ्याच्या अंगातला सदरा घातल्यासारखा. टोपी गुडघ्यावर.

"शेतं राखावीत, राहत्या घरांनाच द्यावीत, खंडाची मुदत पाच वर्षं," अध्यक्ष म्हणाले. "बाजूनं हात वर."

हात वर गेले. कारकून मोजू लागला. मेनिर मोजत नव्हती. तिनं फक्त एक खुर्ची धरून ठेवली होती नजरेनं. तिथला हात मांडीवर होता. कारकून एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर आला. चौदा, पंधरा.

इद्वलनं मान वर करून गॅलरीत पाहिलं. एकोणीस वर्षांनी त्यानं मान वळवली. मग त्याचा हात वर जाऊ लागला, हळूहळू, कोपर आधी, मग मनगट, आणि मनगट मधेच जरा थरथरलं. कुणी तरी खालून धरून उचलावं तसं. वर, डोक्याच्याही वर.

"सोळा," कारकून म्हणाला.

बाहेर बोळात मॉट उठून उभा राहिल्याचा आवाज झाला, नखांचा, फरशीवर. मेनिरनं दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं. या वेळी ती ते लावायला उठली नाही.